शिखर झाकून बघा: ‘डार्क’चा शेवटचा भाग

‘डार्क’ या जर्मन मालिकेचा तिसरा आणि शेवटचा सीझन नेटफ्लिक्सवर आला २७ जून २०२० ला. मालिकेच्या गोष्टीत विंडेन गावावर प्रलय येतो तोही याच तारखेला. बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे या कर्त्यांनी हे ठरवूनच केलं असणार. लॉकडाउनमध्ये घरात बसलेल्या कितीतरी जणांनी ते आठ भाग एका बैठकीत संपवले. शेवटच्या भागावर तेव्हा दोनच प्रतिक्रिया ऐकू यायच्या, आजही येतात. कुणी म्हणतं, ‘रडवलं’. कुणी म्हणतं, ‘फसवलं’. मला दोन्ही पटतात, आणि दोन्ही एकाच वेळी कशा पटू शकतात हे जरा सावकाश बघायचंय. मालिका बघायची राहिली असेल तर इथेच थांबा, पुढे सगळा शेवट फोडला आहे.

आधी एक साधी गोष्ट. ‘शेवट आवडला’ हे विधान तपासता येत नाही. तुम्हाला आवडला, मला नाही, विषय संपला. ‘हा शेवट आधीच्या २५ भागांमधून निघतो’ हे विधान मात्र तपासता येतं. दुसरा माणूस तेच २५ भाग लावून बसू शकतो आणि म्हणू शकतो, ‘कुठे निघतो, दाखव.’ सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाची पहिली अडचण हीच असते. विषय आवडीचा असतो, वाचन भरपूर असतं, पण दुसऱ्याला खोडता येईल असं एकही वाक्य कागदावर नसतं. तेव्हा ‘डार्क’बद्दल आपण असं वाक्य घेऊन चालू.

आणि ते तपासायचं कसं, यासाठी अंबरनाथच्या शिवमंदिराकडे बघू. कारण या देवळाचा ‘शेवटचा भाग’ गायबच आहे.

वालधुनीच्या काठावरचं हे देऊळ शिलाहारांचं. उत्तरेच्या दाराच्या तुळईवरच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, आणि राजा मामवाणी ऊर्फ मुम्मुणी. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली गेलं की मान वर केल्यावर आकाश दिसतं. शिखर अर्ध्यातच संपलेलं आहे. का? गावात एक उत्तर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय: पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, उजाडलं, आणि वरचं राहून गेलं. गोष्ट सुंदर आहे, माझी काही तक्रार नाही. पण महाराष्ट्रात जिथे जिथे देऊळ अर्धवट दिसतं तिथे तिथे हीच गोष्ट ऐकायला मिळते. छप्पर नसेल तरी पांडव, एखादा खांब कमी असेल तरी पांडव. कुठल्याही अर्धवटपणाला लागू पडणारं उत्तर नेमक्या या देवळाबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा मार्ग असा. शिखर का नाही हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवायचा आणि ते कसं असलं पाहिजे एवढंच विचारायचं. हे देऊळ भूमिज शैलीतलं. या शैलीत शिखराच्या चारी बाजूंना मधोमध एकेक उभा नक्षीचा पट्टा वर जातो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी असतात, एकीवर एक, आणि वर जाताना प्रत्येक ओळ लहान होत जाते. अंबरनाथला खालचा काही भाग शिल्लक आहे. तो किती वेगाने आवळत जातो हे मोजलं की वरचं कागदावर काढता येतं. सिन्नरच्या गोंदेश्वराचं याच शैलीतलं शिखर उभं आहे, त्याच्याशी ताडून बघता येतं. तुमचं चित्र चुकलं तर दुसरा कुणी मापं घेऊन येईल आणि चूक दाखवेल. (दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत हे मान्य. पण ‘का’चं उत्तर हातात आलं की ‘कसं’ विचारायचं आपण विसरतो, आणि पांडवांची खरी गंमत तिथेच आहे.)

तर मालिकेसाठीही हीच परीक्षा. सव्विसावा भाग झाका. उरलेलं देऊळ बघा. वरचं काढता येतं का?

ज्यांना मालिका बघून वर्षं झाली त्यांच्यासाठी शेवट थोडक्यात. दोन सीझन आपल्याला वाटतं की एकच जग आहे आणि काळात गाठ पडली आहे. दुसऱ्या सीझनच्या अगदी शेवटी कळतं की जगं दोन आहेत, एक योनासचं आणि एक मार्थाचं. शेवटच्या भागात क्लॉडिया म्हाताऱ्या योनासला, म्हणजे ॲडमला सांगते की ही दोन्ही जगं मुळातली नाहीत. मूळ जग तिसरंच. तिथे टानहाउस नावाच्या घड्याळजीचा मुलगा, सून आणि तान्ही नात १९७१ साली मोटार अपघातात गेली. त्यांना परत आणायचं म्हणून त्याने यंत्र बांधलं, १९८६ मध्ये चालू केलं, आणि ते जग फाटून त्यातून ही दोन जगं झाली. उपाय एकच: योनास आणि मार्थाने त्या रात्री मूळ जगात जायचं आणि मुलाला पुलावर जाऊ द्यायचं नाही. ते जातात. मुलगा घरी परततो. यंत्र बांधायचं कारण राहत नाही, आणि दोन्ही जगं त्यांतल्या सगळ्या माणसांसकट धुळीसारखी विरून जातात.

आता झाकून बघू.

‘तीन’ हा आकडा आधीपासून आहे. पहिल्याच सीझनमध्ये टानहाउस आपल्या दुकानात बसून बोलतो की माणूस सगळ्याचा विचार जोड्यांमध्ये करतो आणि तिसरं विसरतो. गुहेतल्या दारावर तीन पाकळ्यांची गाठ कोरलेली आहे. शेवट बघून पुन्हा पहिला सीझन लावला की अंगावर काटा येतो: यांनी तर सगळं आधीच सांगितलं होतं! पण इथेच सावध व्हायला हवं. उत्तर माहीत झाल्यावर प्रत्येक खूण त्याच्याकडेच बोट दाखवते. पहिल्या सीझनमध्ये तीच गाठ आपण सगळ्यांनी तीन काळ म्हणून वाचली होती, १९५३, १९८६ आणि २०१९, आणि ते वाचन तेव्हा अगदी चोख बसत होतं. म्हणजे खूण दोन अर्थांना जागा देते. तिसऱ्या जगाला ती अडवत नाही, पण ते मागतही नाही. संशोधनात या फरकापायी माणसं कित्येक महिने अडकतात: पुरावा माझ्या म्हणण्याशी ‘जुळतो’ आणि पुरावा माझं म्हणणं ‘मागतो’, या दोन्हींना आपण सरसकट ‘सिद्ध झालं’ म्हणून टाकतो.

जाता जाता त्या ३३ वर्षांबद्दल, कारण लोकांना तो आकडा शुद्ध कल्पनेतला वाटतो. तसा तो नाही. सौर वर्ष आणि बारा चांद्र महिने यांत सुमारे ११ दिवसांचा फरक पडतो. ३३ वर्षांत तो साचून जवळजवळ एक पूर्ण चांद्र वर्ष होतं. आपल्या पंचांगात हा फरक साचू नये म्हणूनच अधिक मास घालतात. मालिकेने खरा आकडा घेतला आणि त्यावर खोटं भौतिकशास्त्र उभं केलं. विज्ञानकथेला हे माफ असतं.

शिखर खरोखर नीट बसतं ते शेवटच्या जेवणाच्या प्रसंगात. मूळ जगात रेगिनाच्या घरी जेवायला कोण कोण आहे? रेगिना, काथारीना, हाना, पीटर, बेनी, वोलर. आता आधीच्या २५ भागांतून वंशावळ काढा. ज्यांचा जन्म काळातल्या प्रवासावर अवलंबून नाही तेच टेबलाभोवती उरलेत. उलरिख नाही, शार्लोट नाही, कारण त्यांच्या रक्तातच ती गाठ आहे. शार्लोट तर आपल्या मुलीचीच मुलगी. एक अडचण वाटते ती अलेक्झांडरची. त्याचा जन्म गाठीतला नाही, मग रेगिनाचा नवरा टेबलावर का नाही? पण १९८६ मध्ये तो रेगिनाला भेटतो ते उलरिख आणि काथारीना तिला छळत असताना मध्ये पडल्यामुळे. उलरिखच नसेल तर ती भेटही नाही. हे तुम्ही कागद-पेन घेऊन शेवटचा भाग न बघता काढू शकला असता. याला मी भाकीत म्हणेन, आणि इथे मालिका पैकीच्या पैकी मार्क घेते.

घसरते ती नियमापाशी.

दोन सीझन मालिका एकच गोष्ट घासून घासून शिकवते: घडलेलं बदलता येत नाही, आणि बदलायला जाल तर तुम्हीच ते घडवाल. योनास वडिलांची आत्महत्या थांबवायला आदल्या दिवसात जातो आणि कळतं की त्याच्या येण्यानेच वडिलांना ती सुचली. अनोळखी माणूस बोगदा बंद करायला यंत्र लावतो आणि त्यानेच बोगदा तयार होतो. कुणी पिस्तूल रोखलं तर गोळी सुटत नाही, कारण समोरच्याचं म्हातारपण आपण आधीच पाहिलेलं असतं. हा नियम इतका निर्दय आहे म्हणून तर मालिका इतकी लागते. आणि शेवटी? प्रलयाच्या क्षणी काळ क्षणभर थांबतो, त्या फटीत कार्यकारण तुटतं, तिथून निसटता येतं. ही फट तिसऱ्या सीझनच्या उत्तरार्धात समोर येते. पहिले दोन सीझन कितीही वेळा बघा, ती काढता येत नाही.

बरं, फट मान्य केली तरी एक भोक राहतंच. योनास आणि मार्था जन्मलेच नाहीत, तर त्या रात्री रस्त्यावर मोटारीपुढे उभं कोण राहिलं? मालिका इथे क्वांटमची शाल पांघरते. पेटीतलं मांजर जिवंतही आणि मेलेलंही, तसे हे दोघे असलेलेही आणि नसलेलेही. आपलं म्हणणं वाचवण्यापुरतंच ऐनवेळी आणलेलं गृहीतक, ज्यातून दुसरं काही नवं निघत नाही, त्याला विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात तात्पुरतं ठिगळ समजतात. इम्रे लाकातोशने संशोधन पुढे जातंय की कुजतंय हे ओळखायला जवळपास हाच निकष वापरला होता: दुरुस्ती केल्यावर तुमचा सिद्धान्त नवं काही सांगू लागला, की फक्त जुनी अडचण झाकली गेली? जेवणाचा प्रसंग नवं सांगतो. काळाची फट फक्त झाकते. एकाच भागात दोन्ही आहेत, म्हणून ‘रडवलं’ आणि ‘फसवलं’ दोन्ही खरं.

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण मला खरी बोच दुसरीकडे आहे.

‘मूळ’ हा शब्द बघा. क्लॉडिया सांगते की तिसरं जग मूळ आणि बाकीची दोन चुकीतून झालेली. हे वाक्य आल्याबरोबर आपण प्रेक्षक मुकाट्याने मान्य करतो की चुकीतून झालेलं पुसलं तरी चालेल. पण कुणाला पुसतोय आपण? एलिझाबेथ, जी प्रलयानंतर मोठी होते आणि एका छावणीची नेता बनते. शार्लोट, जिने आयुष्यभर आपले आईबाप कोण हेच शोधलं. माग्नुस, फ्रान्झिस्का. आणि ज्यांची नावंही आपल्याला कळली नाहीत असं दोन जगांतलं सगळं माणूसबळ. योनास आणि मार्था स्वतःचं नसणं स्वीकारतात, ते त्यांच्यापुरतं मोठं आहे. बाकीच्यांना कुणी विचारलं? क्लॉडियाची मुलगी मूळ जगात जगते, म्हणून क्लॉडियाला हा सौदा परवडतो. मालिका हे जाणून आहे की नाही, मला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. त्या जेवणाच्या टेबलावरचा प्रकाश फार उबदार आहे, पार्श्वसंगीत फार समाधानी आहे. २५ भाग ज्यांच्यासाठी आपण जीव टाकला त्यांच्या मागे उरतं काय, तर एक पिवळा रेनकोट, हानाला आलेला क्षणभराचा भास, आणि तिने पोटातल्या बाळासाठी पसंत केलेलं योनास हे नाव.

याच्या शेजारी जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ठेवून बघा. अनेकांनी तिचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ अकरावीत एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये वाचलं असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे पानिपत जिंकले. आपल्या इतिहासात विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे लागत नाही. मुंबईत एशियाटिकच्या ग्रंथालयात ते हे सगळं वाचतात आणि तिथली बखर नकळत खिशात टाकतात. मग आझाद मैदानावरच्या सभेत रिकामी अध्यक्षाची खुर्ची बघून त्यांना राहवत नाही. तिथल्या लोकांना अध्यक्षच नको असतो, धक्काबुक्की होते, आणि पंत आपल्या जगात परत येतात. पुस्तक हरवलेलं, पण खिशात एक फाटकं पान.

ते पान ही माझ्या मते मराठी विज्ञानकथेतली एक फार चांगली वस्तू आहे. शिखर झाकायची परीक्षा तिला लावा: पुस्तक खिशात गेल्याचं आपण आधी वाचलेलं असतं, म्हणून शेवटी पान निघालं की ते आभाळातून पडलेलं वाटत नाही. आणि ते दुसऱ्याच्या हातात देता येतं. पंतांचा मित्र राजेंद्र आधी हे सगळं मनाचे खेळ म्हणून बाजूला सारतो. पान बघितल्यावर त्याला आपलं मत बदलावं लागतं. हानाचा भास कुणाला दाखवता येईल?

कथेत उणं नाही असं नाही. राजेंद्र पुढे जे समजावतो त्यात आपत्ती सिद्धान्त आणि क्वांटम यांची मोट बांधलेली आहे, आणि ती सैल आहे. रने थोमचा तो सिद्धान्त, थोडा बदल अचानक मोठी उडी कशी घडवतो याचं गणित सांगतो. समांतर जगं त्यातून निघत नाहीत. १९७० च्या दशकात तो कुठेही लावायची लाटच आली होती आणि गणितज्ञांनी त्यावर तेव्हाच टीकाही केली. शिवाय दोन माणसं बसून एक दुसऱ्याला विज्ञान समजावतोय ही रचना आज वाचताना वर्गात बसल्यासारखी वाटते. ‘डार्क’ निदान समजावत बसत नाही. पण नारळीकरांच्या कथेत एक गोष्ट आहे जी मला त्या सव्विसाव्या भागात सापडली नाही. पंत परत आले तरी ते दुसरं जग चालूच राहतं. कुठलं मूळ आणि कुठलं नक्कल, हा प्रश्नच तिथे उठत नाही. तिथली माणसं तिथे आपापली जगतायत, फक्त आपल्याला तिकडे जाता येत नाही.

(नारळीकरांचाच आणखी एक किस्सा, रिसर्चच्या पोरांसाठी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. ब्लाइंड रिव्ह्यू म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.)

‘मूळ’ शोधायचं आणि तरी बाकीचं पुसायचं नाही, हे करता येतं का? पुण्यात झालं आहे. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली, १९६६ मध्ये ती पुरी झाली. बाराशेहून अधिक हस्तलिखितं. शब्दाशब्दाला वेगळे पाठ, कुठे आख्खे प्रसंग वाढवलेले. संपादकांनी जुन्यात जुना हाती लागेल तो पाठ वर घेतला, आणि बाकी? बाकीचे पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले, कुठल्या हस्तलिखितात काय आहे याच्या खुणांसकट. काही पानांवर वर मजकुराच्या दोन-चार ओळी आणि खाली टीपांची भिंत. वाचायला अवघड, पण संपादकाचा निर्णय तुम्हाला पटला नाही तर तो उलटवायचं सगळं साहित्य त्याच पानावर ठेवलेलं आहे. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी लहानपणी ऐकलेले काही प्रसंग वरच्या मजकुरातून गेले, पण ते विरले नाहीत, खाली सरकले.

‘डार्क’च्या शेवटच्या भागात ती खालची जागाच नाही. तुमच्या प्रबंधातही हा मोह येणार आहे, लिहून ठेवा. तीन वर्षं ज्या गृहीतकांवर घालवली आणि जी शेवटी टिकली नाहीत, ती शेवटच्या चॅप्टरमध्ये पुसून टाकावीशी वाटतात, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल की आपण पहिल्या दिवसापासून सरळ इथेच येत होतो. व्हायवाला चांगला परीक्षक नेमका तिथे बोट ठेवतो: ‘हे सोडून दुसरं काही करून बघितलं होतं का?’

मालिका मी तीनदा बघितली आहे आणि चौथ्यांदाही बघेन. पहिला सीझन आजही मला या प्रकारातला सर्वांत कसून बांधलेला वाटतो. शेवटच्या भागातला मला सर्वांत आवडणारा क्षण मात्र मोठ्या विज्ञानाचा नाही. वोलर हा साधा पोलीस. पहिल्या जगात त्याच्या एका डोळ्याला काहीतरी झालेलं आहे, मार्थाच्या जगात त्याचा एक हात नाही, आणि मूळ जगात पुन्हा डोळा. तो ते सांगायला लागला की दरवेळी काहीतरी मध्ये येतं. शेवटच्या जेवणात सगळे त्याच्याकडे बघतायत, तो तोंड उघडतो, बाहेर वीज कडाडते आणि घरातले दिवे जातात.